लोहडी: मक्याची रोटी चिरते, रसातल्या खिरीचा तांदूळ टणक राहतो

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक)
13 जानेवारीला आठ जणांसाठी सरसों का साग, मक्के की रोटी आणि उसाच्या रसातली खीर करायची आहे. रोटी थापतानाच चिरते आणि खिरीतला तांदूळ दोन तास उकळूनही टणक राहतो. मोहरीचा पाला पुरेसा मिळाला नाही तर काय घालावं?

उत्तर (चुलीवरची)
आधी पीठ बघा. कॉर्नफ्लॉर म्हणून मिळतो तो मक्याचा पांढरा स्टार्च, त्याची रोटी होतच नाही. पिवळा मका गिरणीतून बारीक दळून आणा. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते. एका रोटीपुरतंच पीठ कढत पाण्यात घ्या आणि चांगलं रगडून मळा. बाजरीच्या भाकरीइतकी पातळ थापू नका. कडा चिरली की ओलं बोट फिरवा.

सागाला 1 किलो मोहरीचा पाला, पाव किलो पालक, पाव किलो चाकवत. मोहरी कमी पडली तर मुळ्याचा कोवळा पाला घाला, त्यालाही तसाच तिखटपणा असतो. नुसता पालक वाढवला तर ती पालकाची भाजी होते. जाड देठ सोलून घ्या. मंद आचेवर दीड तास शिजवून रवीने घोटा. मिक्सरमध्ये त्याची चटणी होते. दोन चमचे मक्याच्या पिठाचं आळण लावल्यावर आणखी वीस मिनिटं शिजवा, नाहीतर पीठ कच्चं लागतं.

उत्तर (रसवंती)
खिरीचं कारण साखर. रसातल्या साखरेमुळे तांदळाला पाणी नीट शोषता येत नाही. 200 ग्रॅम तांदूळ तासभर भिजवून साध्या पाण्यात पाऊण शिजवा, मग 2 लिटर रसात घाला. रस लिंबू, आलं, बर्फ न घालता मागा. उकळताना वर येणारी मळी झाऱ्याने काढत राहा. ती राहिली तर खीर करपट, काळपट होते. लोखंडी कढई नको. गरम खिरीत दूध घालू नका, फाटायची भीती असते.

पंजाबात ही लोहडीच्या रात्री करतात आणि माघीच्या, म्हणजे माघाच्या पहिल्या दिवशीच्या, सकाळी गार खातात: 'पोह रिद्धी, माघ खाधी', म्हणजे पौषात शिजवली, माघात खाल्ली. त्यांचे महिने सौर, म्हणून माघ दुसऱ्याच दिवशी लागतो; आपल्याकडे पौषच चालू असतो.

प्रश्नकर्ती
मग रात्रभर बाहेरच ठेवू का? थंडी आहेच.

रसवंती
नको, भाताचा पदार्थ आहे. कोमट झाली की फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी घट्ट होते, म्हणून पातळ असतानाच उतरवा आणि वाढताना वर गार दही घाला.