नववीतील आक्रमक मुलांसाठी शाळेने काय करावे?

प्रश्न (माध्यमिक शिक्षिका, सातारा जिल्हा)
माझ्या वर्गातील तीन मुले क्षुल्लक कारणावरून हातघाईवर येतात. गेल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत, नळावरची रांग मोडली म्हणून एकाने दुसऱ्याचे नाक फोडले. पालकांना बोलावणे, माफीनामा लिहून घेणे, दाखला हातात देण्याची ताकीद देणे, हे सर्व करून झाले; त्याने चार दिवस शांतता राहते, इतकेच. मुलांना वर्गाबाहेर न काढता राग आवरायला शिकवणारा, परिणाम तपासून पाहिलेला एखादा उपक्रम कोणास ठाऊक आहे काय?

उत्तर (शालेय समुपदेशक, पुणे)
शिकागोतील शाळांमध्ये २००१ पासून ‘बिकमिंग अ मॅन’ हा उपक्रम चालतो. त्यात किशोरवयीन मुलांचा लहान गट आठवड्यातून एकदा, शाळेच्या वेळेतच, एका मार्गदर्शकासोबत तासभर बसतो. त्यांचा एक खेळ मला फार मोलाचा वाटतो. जोडीतील एकाच्या मुठीत चेंडू देतात आणि दुसऱ्याला तो तीस सेकंदांत मिळवायला सांगतात. बहुतेक मुले बोटे पिरगाळतात, झोंबाझोंबी करतात. मग मार्गदर्शक विचारतो, की ‘चेंडू दे’ असे नुसते म्हणून का पाहिले नाही? समोरचा आपल्याला अडवणारच, हे आपण क्षणार्धात गृहीत धरले होते, हे मुलाला तिथे स्वतःच उमगते. शिकागो विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे मुले निवडून तुलना केली, तेव्हा उपक्रमाच्या काळात हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी घटल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात नोंदवले आहे. तेथील टोळ्या आणि बंदुका आपल्याकडे नाहीत, परंतु रांगेतला धक्का अपमान वाटणे हे आपल्या मुलांनाही चुकलेले नाही.

उत्तर (किशोरआरोग्य कार्यकर्ती, मडगाव)
आपल्याच देशातील अनुभव अधिक जवळचा आहे. गोव्यातील ‘संगाथ’ संस्थेच्या सहभागाने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील सत्तरहून अधिक माध्यमिक शाळांमध्ये ‘सेहेर’ उपक्रम झाला. परिपाठात चर्चा, भित्तिपत्रक, मनातले लिहून टाकण्यासाठी पेटी आणि गरजेनुसार एकट्याशी बोलणे, असे त्याचे स्वरूप होते. काही शाळांत हे काम शिक्षकाकडे दिले, तर काहींत खास नेमलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या ‘मित्रा’कडे. ‘मित्र’ असलेल्या शाळांत दादागिरी आणि मारामाऱ्या स्पष्टपणे कमी झाल्या. शिक्षकाकडे काम सोपवलेल्या शाळांत मात्र तसा फरक दिसला नाही. हा शिक्षकांचा दोष मी मुळीच मानत नाही. तास, वह्या आणि परीक्षा सांभाळून हे काम करायला त्यांना वेळ कोठून मिळावा? शिवाय जो आज शिक्षा करतो, त्याच्यापाशी उद्या मन मोकळे करणे मुलाला जड जाते, असे मला वाटते.

उत्तर (निवृत्त मुख्याध्यापक, सांगली)
एक सावधगिरी बाळगावी. केवळ या तिघांनाच एकत्र बसवू नका. भांडखोर मुलांचेच गट केले की ती एकमेकांच्या मारामाऱ्यांना दाद देतात आणि वर्तन बिघडू शकते, असे अमेरिकेतील अभ्यासांतही आढळले आहे. गटात शांत, पण वर्गात मान असलेली मुले असावीत.

प्रश्नकर्त्या शिक्षिका
आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. आमच्या गावातील एक पदवीधर तरुण संध्याकाळी मुलांना कबड्डी शिकवतो आणि हे तिघेही त्याचे ऐकतात. त्याला प्रशिक्षण देऊन दर शनिवारी एक तास मिळावा, असा प्रस्ताव मी शाळा व्यवस्थापनापुढे ठेवत आहे. गटात बारा मुले असतील. समुपदेशक महोदय, त्याच्या प्रशिक्षणासाठी आपण दोन दिवस देऊ शकाल का?