सागराचे आम्लीभवन आणि किनाऱ्यालगतचे जीवाणू

प्रश्न (विद्यार्थिनी, सोलापूर) :
औद्योगिक क्रांतीपूर्वी समुद्राच्या पृष्ठभागावरील पाण्याचा सामू (pH, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा; तो घटला की आम्लता वाढते) सुमारे ८.२ होता आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळत गेल्याने आता तो ८.१ च्या आसपास आला आहे, असे आम्हाला शिकवले जाते. परंतु आमच्या सिद्धेश्वर तलावाचा सामू पहाटे आणि दुपारी मोजला, तर त्यात याहून मोठा फरक पडलेला दिसतो. मग एवढ्याशा घटीने किनाऱ्यावरच्या जीवाणूंचे काय बिघडणार? रत्नागिरीहून एसटीने पाणी आणून त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल घालून प्रयोग करण्याचा विचार आहे.

उत्तर १ :
ताई, शंका रास्त आहे. सामूची मोजपट्टी लघुगणकी (सामू एकाने घटला की हायड्रोजन आयन दहापट) असल्यामुळे ०.१ ची घट म्हणजे हायड्रोजन आयनांत सुमारे २६ टक्के वाढ. तरीही शैवालांच्या प्रकाशसंश्लेषणामुळे आणि श्वसनामुळे किनाऱ्यालगतचा सामू रोजच हलत असतो, आणि तिथल्या जीवाणूंना त्याची सवय असते. त्यामुळेच अनेक प्रयोगांत जीवाणूंच्या जाती फारशा बदललेल्या आढळल्या नाहीत.

उत्तर २ :
जातींची यादी तीच राहिली म्हणून त्यांचे कामही तसेच चालते, असे मात्र समजू नये. नायट्रीकरण करणाऱ्या (म्हणजे अमोनियापासून नायट्राइट व नायट्रेट बनवणाऱ्या) सूक्ष्मजीवांचे विकर (एन्झाइम) अमोनियम आयन नव्हे, तर अमोनिया वापरते, आणि सामू ०.१ ने घटला की त्या अमोनियाचा सुमारे पाचवा हिस्सा अमोनियममध्ये जातो. अटलांटिक आणि पॅसिफिकमधील पाण्यावर झालेल्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत सामू ०.०५ ते ०.१४ ने उतरवल्यावर अमोनियाच्या ऑक्सिडीकरणाचा वेग ८ ते ३८ टक्क्यांनी घटला होता. तळाच्या गाळातील पाण्याचा सामू मुळातच कमी असतो, म्हणून तिथला परिणाम याहून वेगळा असू शकतो.

उत्तर ३ :
नुसते आम्ल घालू नका. त्याने पाण्याची अल्कता (आम्ल शोषून घेण्याची क्षमता) घटते. कार्बन डायऑक्साइड विरघळल्यावर मात्र ती तशीच राहते आणि विरघळलेला कार्बन वाढतो. वायूचे सिलिंडर नसेल तर हवाबंद बाटलीत आम्ल आणि तितक्याच मोलचा खाण्याचा सोडा घाला, परिणाम तोच होतो. खरी अडचण एसटीची आहे. बंद बाटलीतील जीवाणूंचा समुदाय एका दिवसातही बदलू लागतो, आणि त्यांच्या श्वसनाने सामू वाटेतच उतरतो. म्हणून पाणी रत्नागिरीतच गाळून घ्या, जीवाणू अडकलेला गाळणकागद बर्फात ठेवून आणा आणि सामू तिथेच मोजा.