धरणग्रस्तांवरचा निबंध जर्नलला पाठवताना गावाचं नाव बदलावं का?

नर्मदाकाठ
सक्तीच्या स्थलांतरावरचा निबंध जर्नलला पाठवायचा म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो नावं बदलण्याचा. माणसांची बदला, गावाचंही बदला. देश सोडून पळालेल्या निर्वासिताच्या बाबतीत हे शंभर टक्के बरोबर आहे. धरणग्रस्तांच्या बाबतीत गावाचं नाव बदलणं मला चुकीचं वाटतं, नुसतं अनावश्यक नाही.

नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाचंच घ्या. महाराष्ट्रातली बुडितातली 33 गावं, सगळी नंदुरबार जिल्ह्यातली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. 1979 च्या नर्मदा लवादाच्या निवाड्याप्रमाणे 25 टक्क्यांहून जास्त जमीन गेलेल्या कुटुंबाला किमान 2 हेक्टर ओलिताची जमीन मिळायला हवी, आणि सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरायला हवा. हे पाळलं गेलं की नाही, हा प्रश्न गावागणिक तपासायचा आहे. निबंधात 'गाव क' लिहिलं की भूसंपादनाची अधिसूचना, जनगणनेचा गावनिहाय तक्ता, न्यायालयातलं शपथपत्र यातलं काहीच संदर्भ म्हणून देता येत नाही, कारण संदर्भातच गावाचं नाव असतं. संदर्भ काढले की जर्नलचा परीक्षक म्हणतो, पुरावा कुठे आहे? आणि शासनाला 'गाव क'बद्दल उत्तर द्यावंच लागत नाही.

तळटीप
पुराव्याचा मुद्दा मान्य, निष्कर्ष मान्य नाही. पुनर्वसन वसाहतीत सगळे सगळ्यांना ओळखतात. तुम्ही गावाचं खरं नाव दिलं आणि अवतरणाखाली 'पुरुष, वय 61, माजी पोलीस पाटील, दोन मुलगे' असं लिहिलं, तर माणसाचं टोपणनाव कशाला ठेवलं? गावात माजी पोलीस पाटील असून असून किती असणार?

धोकाही काल्पनिक नाही. मुलाखतीत माणूस सहज सांगून जातो की धाकट्याच्या नावची जमीन थोरलाच कसतो, किंवा प्रकल्पग्रस्तांच्या घोषित यादीत नाव आलं तेव्हा मुलगा अजून सज्ञान नव्हता. हेच वाक्य उद्या तक्रार निवारण प्राधिकरणापुढच्या अर्जात त्याच्याविरुद्ध वापरता येतं. प्रकल्पग्रस्त दाखल्यावर सरकारी नोकरीत 5 टक्के समांतर आरक्षण आहे आणि दाखला कुणाच्या नावावर लागला यावरून भावाभावांत तंटे चालू असतात. निबंध इंग्रजीत आहे म्हणून गावात पोचणार नाही, या भरवशावर राहू नका. वकिलापर्यंत तो नक्की पोचतो.

ग्रंथपाल_खानदेश
दोघांच्याही नजरेतून एक व्यवहार सुटतोय. यातले बरेच निबंध पीएच.डी.तून निघतात आणि प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, पूर्ण मजकुरासह खुला असतो. प्रबंधात गावांची नावं, परिशिष्टात मुलाखत दिलेल्यांची यादी, आणि निबंधात 'गाव क'. लेखकाच्या नावाने शोध घेतला की दोन मिनिटांत कुलूप उघडतं. नावं बदलायची असतील तर ती प्रबंधापासूनच बदलावी लागतात. नंतर फक्त निबंधात बदलून माणसाचं रक्षण होत नाही, जर्नलचं समाधान होतं इतकंच.

दुसरं, परीक्षकापासून लेखकाचं नाव लपवायचं हे वेगळं काम आहे, त्यात गल्लत नको. मुखपृष्ठाची फाईल वेगळी: नाव, संस्था, ऑर्किड (ORCID, संशोधकाचा ओळख) क्रमांक, आभार, निधी. मुख्य फाईलमध्ये यातलं काहीही नाही. वर्डच्या गुणधर्मांत आणि समासातल्या टिपांत नाव शिल्लक राहतं. 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' चालवून ते काढायचं. स्वतःच्या आधीच्या लेखाचा उल्लेख तृतीयपुरुषी. नकाशाखाली 'स्रोत: लेखक' चालतं, पण नकाशाच्या कोपऱ्यात विभागाचं नाव छापलेलं असतं ते पाहायचं राहून जातं.

नर्मदाकाठ
शोधगंगेचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. जे लपत नाही ते लपवल्याचं सोंग कशाला?

तळटीप, तुमची भीती खरी आहे, पण ती गावाच्या नावाची नाही, गाव आणि माणूस यांच्या जोडणीची आहे. म्हणून निबंधात दोन थर ठेवावेत. पहिला थर सार्वजनिक गोष्टींचा: किती क्षेत्र बुडालं, कधी, वाटप कुठे झालं. इथे गावाचं खरं नाव आणि कागदाचा पूर्ण संदर्भ. दुसरा थर माणसांच्या बोलण्याचा: 'तळोदा तालुक्यातल्या एका वसाहतीतली महिला', बस. वय द्यायचं तर दहा वर्षांच्या गटात. पद, मुलांची संख्या, विहीर-मोटरचे तपशील विश्लेषणाला लागत नसतील तर गाळायचे. पद्धतीच्या भागात चार ओळींत सांगायचं की दोन थर मुद्दाम तोडले आहेत आणि का. संपादकाला पाठवायच्या पत्रातही तेच, म्हणजे परीक्षकाने 'गावाचं नाव का दिलं' विचारलं तर उत्तर आधीच तयार असतं.

मौखिक
यात ज्याचं बोलणं आहे त्याला कुणी विचारणार की नाही? सक्तीच्या स्थलांतराच्या अभ्यासकांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिने 2018 मध्ये आचारसंहिता स्वीकारली. संमती ही एकदा घेऊन फाईलला लावायची गोष्ट नाही, हा तिचा गाभा आहे. मुलाखतीला होकार म्हणजे छापण्याला होकार नव्हे. तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत: बोलणं लिहून घेऊ का, छापू का, गावाचं नाव घालू का. आणि अंगठा मागू नये. जिथे जमिनीचं सगळं भांडणच कागदावरच्या अंगठ्यांचं आहे, तिथे संशोधकाने पुन्हा कोऱ्या फॉर्मवर अंगठा मागणं मला सहन होत नाही. पावरी किंवा भिलीत विचारून ध्वनिमुद्रित संमती घ्या आणि निबंधात तसं नोंदवा. आपल्या संस्थेच्या नैतिकता समितीला आधी कळवलं असेल तर जर्नलही सहसा अडवत नाही.

नाव छापाच म्हणणारेही असतात. आंदोलनात वर्षानुवर्षं नावानिशी उभ्या राहिलेल्या बाईला 'उत्तरदाती 14' करणं हा तिच्यावर अन्याय आहे.

कोयनेचं_पाणी
मौखिक यांना अनुमोदन. कोयना धरणाचे विस्थापित 1976 च्या पुनर्वसन कायद्याच्या आधीच उठवले गेले आणि सातारा सोडून रायगड, ठाणे, सांगली अशा जिल्ह्यांत पांगले. त्यांच्या मागण्या आजही चालू आहेत. अशा ठिकाणी मूळ गावाचं नाव हाच दाव्याचा आधार असतो. ते पुसलेला निबंध त्यांच्या अर्जाला जोडण्याच्याही कामाचा नाही. म्हणून जर्नलच्या परवाना करारावर सही करण्याआधी मराठी अनुवाद करून वाटण्याचा हक्क आपल्याकडे राहतो का ते वाचा. नसेल तर संपादकाला लिहून मागा.

संपादन_मेज
नावाची चर्चा पुढची. बरेच निबंध तिथवर पोचतच नाहीत. 'जर्नल ऑफ रेफ्युजी स्टडीज'सारख्या ठिकाणी देशांतर्गत विस्थापन चालतं, पण नंदुरबारचं वर्णन आणि शेवटी 'पुनर्वसन नीट व्हावं' एवढं असेल तर परीक्षकाकडे न जाताच परत येतं. पहिल्या दोन पानांत दिसायला हवं की या उदाहरणाने सक्तीच्या स्थलांतराबद्दलची कोणती समजूत बदलते. उदाहरणार्थ, 1998 च्या संयुक्त राष्ट्रांच्या मार्गदर्शक तत्त्वांत मोठ्या प्रकल्पांमुळे होणारं विस्थापन आहे, मग लवादाचा निवाडा त्यांच्यापुढे कुठे उभा राहतो? निवाड्याचे आणि अंमलबजावणीचे बारकावे हाच गाभा असेल तर 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' जास्त योग्य. तिथे टिपा-संदर्भांसह 8,000 शब्दांची मर्यादा आहे. कोलकात्याचं 'रेफ्युजी वॉच' दक्षिण आशियासाठीच आहे. आणि एका वेळी एकच जर्नल. दोन ठिकाणी पाठवलेलं उघड झालं तर दोन्हीकडून जातं.

तळटीप
दोन थरांची मांडणी मला बरीचशी पटते, पण ती तक्त्यात फुटते. गावनिहाय तक्त्यात 'अघोषित कुटुंबं: 2' (म्हणजे प्रकल्पग्रस्त म्हणून यादीत न घेतलेली) असं आलं की ती दोन घरं कोणती हे वसाहतीतलं पोरही सांगेल. पाचांहून कमी आकडा असलेले रकाने एकत्र करा, नाहीतर तक्ता तालुक्याच्या पातळीवर न्या. गावनिहाय तुलना गेली तरी चालेल. नकाशावर घरांचे जीपीएस बिंदू अजिबात नकोत.

नर्मदाकाठ
रकाने एकत्र करणं मान्य, जीपीएसही मान्य. तालुक्याची पातळी नाही. अक्राणी तालुका म्हटलं की ज्या गावाला जमीन मिळाली आणि ज्याला मिळाली नाही, दोघांची सरासरी निघते, आणि शासनाला नेमकी तीच हवी असते.

तळटीप
मग गावनिहाय फक्त सरकारी आकडे द्या, अधिसूचनेच्या क्रमांकासह. स्वतः सर्वेक्षणातून काढलेले आकडे तालुक्याचेच. आणि निबंधासोबतच्या विदा-उपलब्धतेच्या (डेटा कुणाला मिळेल याच्या) निवेदनात स्पष्ट लिहा की मुलाखतींचे उतारे मागणीवरही दिले जाणार नाहीत. 'लेखकाकडे मागणी केल्यास उपलब्ध' हे साच्यातलं वाक्य तसंच राहिलं, तर मागणी कुणीही करू शकतो, धरण बांधणारं खातंही.