पाण्याखाली १०० चा रोल? कोणी सांगितलं?

खाराशिंपला (धागाकर्ता):
कालच्या एका धाग्यावर 'अनुभवी' सदस्याचा सल्ला वाचला: 'साध्या प्लास्टिकच्या वॉटरप्रूफ कॅमेऱ्यात १०० आयएसओचा रोल घाला, ग्रेन (फोटोतले दाणे) येत नाही, फ्लॅश कायम चालू ठेवा.' खाली वाखु (वाचनखुणा) साठवणाऱ्यांची रांग. तिथे लिहिलं असतं तर कोणी वाचलं नसतं, म्हणून वेगळा धागा.

अहो, या कॅमेऱ्याचं शटर १/१२५ सेकंदाच्या आसपास आणि अ‍ॅपर्चर (भिंगाचं छिद्र; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) एफ/१० च्या आसपास, दोन्ही कारखान्यातूनच बांधलेलं. फिरवायला एक बटण नाही. फ्लॅश सोडला तर तुमच्या हातात एकच सेटिंग आहे, ते म्हणजे रोल: आयएसओचा आकडा जितका मोठा, तितका कमी प्रकाश पुरतो. भर उन्हात जमिनीवर १०० च्या रोलला १/१२५ ला एफ/१६ पुरतो, म्हणजे या कॅमेऱ्यात सव्वा स्टॉप शिल्लक (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). पाण्यात डोकं घातलं की त्यातला एक गेला. तीन मीटरवर आणखी एक. आणि तेही पाणी नितळ असेल तर! आपल्या कोकणातलं पाणी म्हणजे पातळ ताक. ८०० घातला तर वर तीन स्टॉप मिळतात. कलर निगेटिव्हला (साध्या रंगीत रोलला) दोन स्टॉप जास्त झालेले पचतात. कमी पडले की सावल्यांचा चिखल. कोडॅक आणि फुजी एकदाच वापरायच्या वॉटरप्रूफ कॅमेऱ्यात ८०० ची फिल्म भरून देतात, ती काय गोदामात उरली होती म्हणून?

फ्लॅशचं तर बोलूच नका. भिंगाला चिकटलेला फ्लॅश पाण्यातला कण न् कण उजळवतो. फोटोत मासा कमी, हिमवर्षाव जास्त.

निकोनॉसवाला:
वा, हल्ली ग्रेनचंही समर्थन होतं तर. आम्ही निकोनॉस ५ या पाण्याखालच्या कॅमेऱ्यात वेल्व्हिया ५० ही ५० आयएसओची स्लाइड फिल्म वापरली आहे, अंदमानात. लाल रंग पाच मीटरच्या आत मेलेला असतो, तो परत आणायला फ्लॅशच लागतो. ८०० घालून निळा मासा, निळा दगड, निळा माणूस. शुभेच्छा.

खाराशिंपला:
काका, तुमचा स्ट्रोब (सुटा फ्लॅश) हातभर दांड्यावर तिरका लावलेला, अ‍ॅपर्चर तुमच्या हातात. मी प्लास्टिकच्या डबीबद्दल लिहितोय. शीर्षकाखालचा मजकूरही वाचावा.

निकोनॉसवाला:
वाचला. डबीत अंतराचं काय करता? सपाट काचेतून पाण्यातली वस्तू पाऊणपट अंतरावर दिसते. कॅमेरा फिक्स फोकस, एक मीटरच्या अलीकडे सगळं धूसर. आधी तो हिशेब शिकवा पोरांना.

चष्माबहाद्दर:
हिशेब कसला? मास्कच्या काचेतून डोळ्यालाही तेच पाऊणपट दिसतं. डोळ्याला मीटरभर वाटलं तर कॅमेऱ्यालाही मीटरभरच. टेप घेऊन मोजायला गेलात तरच फसाल.

निकोनॉसवाला:
हे बरोबर आहे. पण वरच्यांनी लिहिलं नव्हतं.

सागरगोटी:
मास्क, स्टॉप सगळं राहू दे. मालवणला गाईडने माझ्या तोंडासमोर पाव कुस्करला. क्षणात पट्ट्यापट्ट्यांचे मासे असे चिकटले की कॅमेरा दिसेना. फोटो आले म्हणता म्हणता सगळे पावाचे तुकडे! वर तो भाऊ म्हणतो, 'ताई, मासे पायजे होते ना?' शेजारचे काका तर प्रवाळावर उभे राहून अंगठा दाखवत होते. १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे मालवणला, निदान कागदावर.

बंदरावरचो:
ताई, पाव कोणी मागितल्यानी? तुमीच. मासो दिसलो नाय तर पैशे परत मागतास. पर्यटक ईले नाय तर आमी काय खावचा? आणि सगळेच गाईड तसे नसतत. माझ्या होडीत पाव चढत नाय, आणि पाय टेकलो तर मी वर काढतंय.

सागरगोटी:
मी पाव मागितला नव्हता. पण तुमच्यासारखे दहा असते तर हा प्रतिसाद लिहिलाच नसता, एवढं मान्य.

कायदेपंडित:
प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतं. उभं राहून फोटो काढणाऱ्यांनी वाचावं.

बंदरावरचो:
वाचून काय? पाण्याखाली बघूक कोण येता? तुमी या एकदा, तुमच्याकडून पैशे घेणार नाय.

निकोनॉसवाला:
धागा फोटोचा होता ना? की पावाचा?

खाराशिंपला:
पावाचाच झाला. चालू द्या. तरी जाता जाता: सूर्य डोक्यावर असताना, दहा ते दोनच्या दरम्यान उतरा, ऊन पाठीवर घ्या, आणि माशाच्या शक्य तितक्या जवळ जा, फक्त त्या मीटरच्या आत नको. आणि काका, तुमचा लाल रंग तीन मीटरच्या आत थोडा शिल्लक असतो. खोल जायचा हट्ट कशाला?

निकोनॉसवाला:
तीन मीटरवर ८०० चालेल. डबीपुरतं. आता खूश?

चष्माबहाद्दर:
रोल विमानाने नेणार असाल तर ८०० चा हातात काढून दाखवा, विमानतळावरच्या नव्या सीटी स्कॅनरमधून जाऊ देऊ नका, फिल्म खराब होते. आणि लॅबवाल्याला आधी बजावा: आपोआप रंगदुरुस्ती नको. माझ्या रोलवर एका लॅबने निळं 'सुधारून' समुद्राचं सिमेंट करून दिलं होतं.

नवखा_पाणबुड्या:
सगळं वाचलं. पुण्यात ८०० चा रोल कुठे मिळतो, ते कोणी सांगेल का?

बंदरावरचो:
रोल मिळंल तेव्हा मिळंल. पाणी नितळ असता तेव्हा या.