पडताळा जुळतो, तरी उत्तर चूक! लोप पद्धतीत मदत हवी आहे

सांगलीवाडी:
मुलगी दहावीला आहे, राज्य मंडळ, मराठी माध्यम. गणित भाग १ मधलं पहिलंच प्रकरण, दोन चलांतील रेषीय समीकरणं. लोप पद्धत, म्हणजे दोन समीकरणांची बेरीज-वजाबाकी करून एक चल घालवायचं. (पुस्तकातल्या इंग्रजी अक्षरांऐवजी मी क्ष आणि य लिहिते, टंकायला सोपं पडतं.)

गणित असं आहे:
४क्ष + ३य = ६ ... (१)
६क्ष − ५य = २८ ... (२)

तिने (१) ला ३ ने आणि (२) ला २ ने गुणलं:
१२क्ष + ९य = १८ ... (३)
१२क्ष − १०य = ५६ ... (४)
मग वजाबाकी: −य = −३८, म्हणून य = ३८.
ही किंमत (१) मध्ये घालून ४क्ष + ११४ = ६, म्हणजे ४क्ष = −१०८, क्ष = −२७.

पडताळा घेतला: ४ × (−२७) + ३ × ३८ = −१०८ + ११४ = ६. बरोबर जुळला. पण मागच्या पानावरचं उत्तर (३, −२) आहे. पडताळा जुळत असताना उत्तर चूक कसं? छपाईची चूक असेल का?

दुसरं एक:
५क्ष − ३य = ९
२क्ष + ५य = १६
यात तिला १९य = −६२ आलं आणि पुढे ती अडकली. काही गणितं मात्र अगदी बरोबर सुटतात. त्यामुळे नेमकं कुठे बिनसतंय तेच कळत नाही.

कृष्णाकाठ:
छपाई बरोबर आहे. आधी पडताळ्याचं बघू, कारण खरी फसगत तिथे झालीय.

य = ३८ ही किंमत तुम्ही (१) मध्ये घातली आणि तिच्यावरून क्ष काढला. म्हणजे (१) जुळावं म्हणूनच तो क्ष काढलाय. मग पडताळ्याला पुन्हा (१) घेतलं तर ते जुळणारच, य कितीही चुकीचा असला तरी. करून बघा: य = ० धरा, ४क्ष = ६, क्ष = १.५. पडताळा: ४ × १.५ + ० = ६. जुळला! य = १०० धरलात तरी जुळेल.

पडताळा दुसऱ्या समीकरणात घ्यायचा, जे क्ष काढायला वापरलं नाही त्यात. इथे (२): ६ × (−२७) − ५ × ३८ = −१६२ − १९० = −३५२. हवे होते २८. म्हणजे गडबड आहे. आता (३, −२) घालून बघा: १८ + १० = २८.

आणखी एक: पडताळा मूळच्या (१), (२) मध्येच घ्यायचा, गुणून आलेल्या (३), (४) मध्ये नाही. गुणताना चूक झाली असेल तर चुकीच्या समीकरणातही उत्तर जुळेल.

अजिंक्यतारा:
चूक (३) वजा (४) करताना झालीय.
९य − (−१०य) = ९य + १०य = १९य.
मुलीने ९य − १०य केलं. (४) मध्ये १० च्या आधी उणे चिन्ह होतंच, त्यालाच तिने वजाबाकीचं चिन्ह समजून घेतलं. खरं तर तिथे दोन उणे आहेत, एक पदाचं आणि एक वजाबाकीचं. दुकानदाराने दहा रुपयांची उधारी खोडली तर आपल्याकडे दहा रुपये जास्तच झाले, तसं हे.
उजवीकडे १८ − ५६ = −३८ हे तिने बरोबर केलंय. म्हणून १९य = −३८, य = −२.

दुसऱ्या गणितात हीच चूक उलट बाजूने झालीय. १०क्ष − ६य = १८ मधून १०क्ष + २५य = ८० वजा करताना −६य − २५य = −३१य यायला हवं. तिने −६ + २५ = १९ केलं, म्हणजे डावीकडे यची बेरीज झाली आणि उजवीकडे १८ − ८० अशी वजाबाकी. −३१य = −६२ लिहिलं की य = २, क्ष = ३.

‘काही गणितं बरोबर सुटतात’ याचं कारणही यातच आहे. दोन्ही समीकरणांत यची चिन्हं अधिक असली तर ९य − ४य असं सरळ काम असतं, चुकायला जागाच नाही. खालच्या समीकरणात उणे असलं, किंवा चिन्हं वेगवेगळी असली की गाडी घसरते. तिला मागची सगळी चुकलेली गणितं काढून खालच्या ओळीतलं यचं चिन्ह बघायला सांगा.

सांगलीवाडी:
बघितलं. पाचपैकी चार गणितांत खाली उणे आहे! आता यावर उपाय काय? “चिन्हाकडे लक्ष दे” हे सांगून झालंय.

अजिंक्यतारा:
लक्ष देऊन होत नाही, लिहिण्याची पद्धतच बदलावी लागते. वजाबाकी मनातल्या मनात करायचीच नाही. खालच्या समीकरणाच्या प्रत्येक पदाखाली बदललेलं चिन्ह वेगळ्या ओळीत लिहायचं:

१२क्ष + ९य = १८
१२क्ष − १०य = ५६
(−)  (+)  (−)
────────────
१९य = −३८

तीन पदं, तीन चिन्हं. आणि एकदा चिन्हांची ओळ लिहिली की वरचं जुनं चिन्ह विसरायचं, फक्त खालचं बघून बेरीज करायची. मुलं दोन जागी अडखळतात: एक, उजव्या बाजूच्या ५६ खाली चिन्ह लिहायचं राहतं, दोन, नवं चिन्ह लिहूनही जुन्याकडे बघून हिशेब होतो. जुन्या चिन्हावर पेन्सिलने बारीक रेघ मारली तर दुसरी अडचण जाते.

वही चौकटीची घ्या. क्ष खाली क्ष, य खाली य, बरोबरच्या चिन्हाखाली बरोबरचं चिन्ह. हे न केल्याने ओळी तिरक्या जातात आणि यच्या खाली स्थिरपद (नुसता आकडा) येतं.

कृष्णाकाठ:
माझं मत थोडं वेगळं आहे. वजाबाकी ठेवायचीच कशाला? गुणतानाच ऋण संख्येने गुणावं. (१) ला ३ ने, (२) ला −२ ने:
१२क्ष + ९य = १८
−१२क्ष + १०य = −५६
आता सरळ बेरीज: १९य = −३८. चिन्हांची तिसरी ओळच नको.

अजिंक्यतारा:
चालेल, पण −२ × (−५य) = +१०य आणि −२ × २८ = −५६ हे गुणाकारही तिलाच करायचेत. ज्याला ऋण संख्यांची वजाबाकी अवघड जाते त्याला ऋण गुणाकार सोपा जाईलच असं नाही. दोन्ही रीती चार-चार गणितांवर करून बघा, कमी चुकेल ती धरा. परीक्षेत दोन्हींना पूर्ण गुण. फक्त एका गणितात दोन्ही मिसळू नका. ऋण संख्येने गुणून झाल्यावर सवयीने पुन्हा वजाबाकी केली तर सगळं मुसळ केरात.

लसावि:
मूळ प्रश्नाच्या आधीची एक पायरी राहिली: लोप कोणत्या चलाचा करायचा? मुलं डोळे मिटून क्षचाच करतात. तुमच्या दुसऱ्या गणितात यची चिन्हं आधीच विरुद्ध आहेत, −३य आणि +५य. तिथे (१) ला ५ ने, (२) ला ३ ने गुणून बेरीज करा:
२५क्ष − १५य = ४५
६क्ष + १५य = ४८
३१क्ष = ९३, क्ष = ३.
वजाबाकीच नाही, मग ती चुकणार कुठून? तुमच्या पहिल्या गणितातही +३य आणि −५य आहेत. तिथे ५ आणि ३ ने गुणून ३८क्ष = ११४, क्ष = ३ लगेच येतं.

माझा क्रम असा: विरुद्ध चिन्हाचं चल असेल तर त्याचाच लोप. नसेल तर ज्याच्या सहगुणकांचा (चलाआधीच्या आकड्यांचा) लसावि लहान त्याचा. ४ आणि ६ ला २४ पर्यंत नेण्याची गरज नाही, १२ पुरे. तुमच्या मुलीने हे बरोबर केलंय.

गुणताना उजवी बाजू विसरणं हीसुद्धा नेहमीची चूक. अपूर्णांकांत ती हमखास होते: क्ष/२ + य/३ = ४ ला ६ ने गुणल्यावर ३क्ष + २य = २४. पुष्कळ वह्यांत ३क्ष + २य = ४ च दिसतं.

सहगुणकांची अदलाबदल असलेला प्रकारही ओळखायला शिकवा:
३७क्ष + २९य = १०३
२९क्ष + ३७य = ९५
इथे गुणायला जाऊ नये. बेरीज केली की ६६क्ष + ६६य = १९८, म्हणजे क्ष + य = ३. वजाबाकी केली की ८क्ष − ८य = ८, म्हणजे क्ष − य = १. आता हीच दोन समीकरणं: क्ष = २, य = १. लसावि काढत बसलं तर ३७ × २९ = १०७३, आणि पुढची दहा मिनिटं वाया. पेपर ४० गुणांचा, वेळ दोन तास.

सांगलीवाडी:
खूप उपयोग झाला. शाब्दिक उदाहरणांत ती समीकरणं मांडते पण आकडे अवाढव्य होतात. त्याचं काय करायचं?

लसावि:
लोप करण्याआधी समीकरणाला भागून लहान करायचं. तुमच्याकडचंच उदाहरण घेऊ, भाव हिशेबापुरते धरलेत. हिरवा बेदाणा ३०० रुपये किलो, पिवळा २४० रुपये किलो. दोन्ही मिसळून २० किलो माल करायचा, तो सरासरी २५५ रुपये किलो पडला पाहिजे. कोणता किती घ्यायचा?

हिरवा क्ष किलो, पिवळा य किलो.
क्ष + य = २०
३००क्ष + २४०य = ५१००

दुसऱ्यात उजवीकडे २० × २५५ = ५१०० येतं, नुसते २५५ नाही. डावीकडे एकूण रुपये आहेत, तर उजवीकडेही एकूण रुपयेच हवेत. ही चूक लोप पद्धतीची नाही, पण उत्तर मात्र तिनेच बिघडतं.
६० ने भागा: ५क्ष + ४य = ८५. पहिल्याला ४ ने गुणा: ४क्ष + ४य = ८०. वजा केलं की क्ष = ५, य = १५. पडताळा शब्दांतून घ्यायचा: १५०० + ३६०० = ५१०० रुपये, माल २० किलो. समीकरण मांडतानाच चुकलं असेल तर त्यात घातलेला पडताळा ती चूक पकडत नाही.

कृष्णाकाठ:
दोन्ही चलांचा एकदम लोप झाला तरी घाबरायचं नाही. २क्ष + ३य = ७ आणि ४क्ष + ६य = १४ यात ० = ० येतं: दोन्ही एकच रेषा, अनंत उकली. १४ ऐवजी १५ असेल तर ० = −१ येतं: रेषा समांतर, उकल नाही. तिथे आकडेमोड चुकली असं समजून खाडाखोड करत बसू नये.

सरावाला तीन गणितं:
(अ) ७क्ष − ४य = २९, ३क्ष − २य = १३. एकच समीकरण गुणावं लागतं, आणि खाली उणे येतं.
(आ) ३य = २क्ष − १, ५क्ष + २य = ३१. आधी सामान्य रूपात (क्ष, य डावीकडे, आकडा उजवीकडे) आणायचं.
(इ) ४१क्ष + ५९य = ७७, ५९क्ष + ४१य = २३.
उत्तरं: (३, −२), (५, ३), (−१, २).

सांगलीवाडी:
(अ) आणि (इ) बरोबर आली, चिन्हांची ओळ लिहून. (आ) मध्ये क्ष = ९१/११ आलं. पण या वेळी तिने स्वतःच पडताळा घेतला आणि चूक आहे म्हणून सांगितलं.

अजिंक्यतारा:
तिने २क्ष + ३य = १ असं लिहिलं असणार. ३य बरोबरच्या चिन्हापलीकडे नेताना चिन्ह बदलतं. ३य = २क्ष − १ वरून −२क्ष + ३य = −१, किंवा सगळी चिन्हं उलटी करून २क्ष − ३य = १. आता २ आणि ३ ने गुणून बेरीज: १९क्ष = ९५.