मेडाल्ला फक्त फेसापुरता नाही

डेव्हिड मेडाल्ला या कलाकाराची ओळख 'फेसाची यंत्रं करणारा फिलिपिनो' इथेच थांबू नये, म्हणून थोडी भर घालतो. 'क्लाउड कॅन्यन्स' ही त्याची फेसाची यंत्रं थोर आहेतच. नळ्यांतून साबणाचा फेस हळूहळू वर येतो, वाकतो, गळून पडतो. शिल्प सतत आकार बदलत राहतं.

पण मला जास्त जवळचं वाटतं ते १९६८ पासूनचं 'अ स्टिच इन टाइम'. लांबलचक सुती कापड टांगलेलं, वर रंगीत दोऱ्यांची रिळं, हाताशी सुया. येणाऱ्याने मनाला येईल ते टाचावं: कुणी नाव शिवतं, कुणी तिकिटाचा कपटा, कुणी एखादं बटण. २०१७ च्या व्हेनिस बिएनाले या कला-प्रदर्शनातही लोक असेच शिवत बसले होते. कलाकाराचा हात कुठे संपला आणि पाहुण्याचा कुठे सुरू झाला, हे सांगता येत नाही. मेडाल्लाला नेमकं हेच हवं होतं.

लंडनमधली 'सिग्नल्स' गॅलरी आणि 'एक्स्प्लोडिंग गॅलेक्सी' हा कलाकारांचा गट यांतही तो अग्रभागी होता. आणि त्याचा ताठ कणा? १९६९ मध्ये मनिलात, फिलिपिन्सवर तेव्हा सत्ता असलेल्या मार्कोस दांपत्याच्या लाडक्या कल्चरल सेंटरच्या उद्घाटनाला त्याने तिथेच निषेधाचा फलक उंचावला. त्याच मनिलात २०२० मध्ये त्याचं निधन झालं.