नवऱ्याची कंपनी बदलली, तर कोल्हापुरात असलेल्या बायको-मुलाचं एच-४ जातं का?

शाहूपुरीतल्या ताईंनी विचारलंय, की मिस्टरांनी अमेरिकेत नोकरी बदलली आणि त्या मुलाला घेऊन माहेरी आल्या आहेत, तर एच-४ चा, म्हणजे सोबत जाणाऱ्या बायको-मुलांच्या व्हिसाचा, शिक्का नव्याने घ्यावा लागेल का? ताई, आधी काळजी सोडा. एच-४ कंपनीवर टिकून नसतं, मिस्टरांच्या एच-१बी वर, म्हणजे त्यांच्या नोकरीच्या व्हिसावर टिकतं. ते चालू असेल आणि तुमच्या शिक्क्याची मुदत शिल्लक असेल, तर जुन्या कंपनीच्या काळातला शिक्काही चालतो. फक्त नव्या कंपनीच्या आय-७९७ मंजुरीपत्राची प्रत, लग्नाचा दाखला आणि मुलाचा जन्मदाखला हातातल्या बॅगेत ठेवा.

माझ्या भावाच्या घरी घोळ झाला तो आय-९४ चा, म्हणजे अमेरिकेत कोणत्या तारखेपर्यंत राहता येतं त्या नोंदीचा. पुतण्याचा पासपोर्ट लवकर संपत होता, म्हणून विमानतळावर त्याला पासपोर्टच्या तारखेपर्यंतच मुक्काम मिळाला. शिक्क्यावर पुढची तारीख दिसत होती, त्यामुळे कुणी बघितलंच नाही. वहिनींच्या जिवाला केवढा घोर लागला होता! १५ वर्षांखालच्या मुलांचा पासपोर्ट जास्तीत जास्त ५ वर्षांचा असतो, तेव्हा इथं आहात तोवरच नवा करून घ्या. जुना फेकू नका, शिक्का त्यातच आहे. तिथं उतरल्यावर प्रत्येकाचं आय-९४ उघडून तारीख वाचा. पुढं तिथं असताना ती संपत आली, तर मुक्काम वाढवायचा आय-५३९ अर्ज वेगळा भरावा लागतो. मिस्टरांची मुदत वाढली म्हणून तुमची आपोआप वाढत नाही.